उन्हाळ्याचं अंगण कुणी राखलं?

मे महिना उजाडला की आपल्या मंडळातल्या तरुण आईबापांची एकच धांदल उडते ती समर कॅम्पच्या फॉर्मांची. लशींच्या तारखा, डॉक्टरची सही, मुलाला पोहता येतं का आणि येत असेल तर किती, सनस्क्रीन लावायला परवानगी आहे का, अंगावर गोचीड सापडली तर आम्ही काढायची की तुम्हाला फोन करायचा, अशी पाच-सहा पानं भरून द्यावी लागतात. मागे एकदा पॉटलकला एक तरुण बाबा वैतागून मला म्हणाला, "काकू, आम्ही लहानपणी मे महिन्यात सकाळी जे घराबाहेर पडायचो ते दिवेलागणीला परतायचो. तेव्हा कुठे होते फॉर्म न् सह्या?"

त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण न्यू जर्सीतल्या एका लहान गावच्या वाचनालयात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म लावून देणं हे माझ्या कामापैकी एक. लोक आपल्या पणजोबांची मृत्युवार्ता शोधायला यायचे आणि शोधता शोधता मीही त्या पानांत हरवून जायची. जुलै-ऑगस्टच्या अंकांत लहान मुलांच्या बातम्या फार असत, आणि त्या वाचवत नसत. त्या वाचनातून माझ्या लक्षात आलं की या फॉर्ममधला जवळजवळ प्रत्येक रकाना कुणाच्या तरी मुलाच्या पायी आलेला आहे. आज तो इतिहास थोडा विस्ताराने सांगावा म्हणते. त्यात आपल्यालाही घेण्यासारखं काही आहे.

वाळूचा ढीग आणि शेजारी बसलेली बाई

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या न्यूयॉर्क किंवा बॉस्टनमधल्या गरीब वस्त्या म्हणजे आपल्या गिरणगावातल्या चाळीच समजा. एका खोलीत सात-आठ माणसं, हवा नाही, उजेड नाही. जेकब रीस या पत्रकाराने १८९० मध्ये पुस्तक लिहून आणि फोटो छापून ती वस्ती सुखवस्तू अमेरिकनांपुढे उभी केली. तिथली मुलं खेळायची रस्त्यावर. रस्त्यावर घोडागाड्या आणि ट्रॅम, पुढे मोटारी. पाण्यात डुंबायचं तर नदीचा धक्का, जिथे शहराची सांडपाण्याची गटारं येऊन मिळत.

पहिली सोय झाली ती बॉस्टनला, १८८५ साली, आणि ती अगदी साधी होती. मारी झाक्रझेव्स्का नावाच्या मूळच्या बर्लिनच्या डॉक्टरीणबाई बॉस्टनमध्ये बायकामुलांचं इस्पितळ चालवत. बर्लिनला गेल्या असताना तिथल्या सार्वजनिक बागांत वाळूचे ढीग टाकलेले आणि सगळ्या थरांतली मुलं त्यात खेळत असलेली त्यांनी पाहिली. त्यांनी बॉस्टनच्या एका आरोग्यविषयक मंडळाला पत्र लिहून हे कळवलं. मंडळाने पार्मेंटर स्ट्रीटवरच्या एका छोट्या प्रार्थनागृहाच्या अंगणात वाळूचा ढीग ओतला. अमेरिकेतल्या क्रीडांगणांचा इतिहास या ढिगापासून सुरू होतो असं मानतात.

मला यात वाळूपेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. ढिगापाशी कुणीतरी बाई बसलेली असे. आधी आसपासच्या आया बसत, पुढे पगार देऊन बायका नेमल्या. मूल खेळतंय आणि एका मोठ्या माणसाला त्याच्याकडे बघण्यावाचून दुसरं काम नाही, ही ती खरी सोय.

पुढे शिकागोत जेन ॲडम्स यांच्या हल हाउसने १८९४ मध्ये क्रीडांगण काढलं. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला लिलियन वॉल्ड या परिचारिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी नगरपालिकेच्या मागे लकडा लावला, आणि १९०३ च्या ऑक्टोबरात सेवर्ड पार्कचं क्रीडांगण उघडलं. नगरपालिकेने स्वतः बांधलेलं देशातलं हे पहिलं कायमचं क्रीडांगण. मॅनहॅटनमध्ये चायनाटाउनच्या बाजूला गेलात तर जरूर बघा, ते अजून तिथे आहे. १९१४ पासून न्यूयॉर्कमध्ये काही रस्ते ठरावीक वेळी गाड्यांना बंद करून खेळायला मोकळे ठेवू लागले.

उन्हाळा म्हणजे मरणाचा हंगाम

क्रीडांगणं झाली तरी त्या वस्त्यांतली तान्ही मुलं आणि दोन-तीन वर्षांची पोरं उन्हाळ्यात मरतच होती. कारण जुलाब. इथे त्याला चक्क 'समर कम्प्लेंट', म्हणजे उन्हाळ्याचं दुखणं म्हणत. दूध खेड्यातून यायचं, वाटेत उन्हात तापायचं, नासायचं, आणि तेच बाटलीत जायचं. मेसी स्टोअरच्या मालकांपैकी एक, नेथन स्ट्राउस, यांनी १८९३ पासून न्यूयॉर्कमध्ये निर्जंतुक दुधाची केंद्रं काढली, आणि गोरगरिबांना परवडेल अशा किमतीत पाश्चरीकरण केलेलं दूध द्यायला सुरुवात केली.

तरी मला जास्त आवडते ती डॉक्टर सारा जोसेफिन बेकर यांची हकीकत. १९०८ च्या उन्हाळ्यात लोअर ईस्ट साइडच्या एका विभागात त्यांनी तीस परिचारिका घरोघर पाठवल्या, आणि त्याही मूल आजारी पडायच्या आधी. नुकत्याच जन्मलेल्या बाळांची नावं नोंदणी कार्यालयातून मिळवायची आणि आईला जाऊन भेटायचं. खिडकी उघडा, बाळाला गुंडाळून ठेवू नका, रोज आंघोळ घाला, शक्यतो अंगावरचं दूध पाजा, आणि संध्याकाळी बाहेर हवेवर न्या, एवढंच सांगायचं. उन्हाळा संपला तेव्हा त्या विभागात आदल्या वर्षापेक्षा बाराशे मृत्यू कमी झाले होते. कुठलंही नवं औषध निघालेलं नव्हतं.

आया कामावर जात आणि धाकटी भावंडं दहा-बारा वर्षांच्या ताईच्या कडेवर असत, हेही बेकरबाईंनी पाहिलं. मग त्यांनी या ताईंचीच मंडळं काढून त्यांना बाळाची निगा शिकवली. ही ताई आपल्याही ओळखीची आहे. आपल्या आया-मावश्यांपैकी कितीजणी अशाच एका कडेवर भाऊ घेऊन लंगडी खेळल्या असतील!

दारं बंद झाली ती वर्षं

१९१६ च्या जून महिन्यात ब्रुकलिनमध्ये पोलिओची साथ सुरू झाली. त्या उन्हाळ्यात एकट्या न्यूयॉर्क शहरात नऊ हजारांवर रुग्ण झाले आणि चोवीसशेच्या आसपास दगावले, बहुतेक सगळी मुलं. देशभरात सुमारे सत्तावीस हजार रुग्ण आणि सहा हजार मृत्यू. रोग कसा पसरतो हे कुणालाच माहीत नव्हतं. इटालियन वस्तीवर बोट दाखवलं गेलं, मांजरांवर संशय आला आणि हजारो मांजरं मारली गेली. सोळा वर्षांखालच्या मुलांना सिनेमागृहं बंद झाली. आरोग्याचा दाखला असल्याशिवाय मुलांना शहराबाहेर पडता येईना. आपल्या होबोकन गावच्या वेशीवर पोलीस उभे राहिले आणि बिऱ्हाड घेऊन येणाऱ्या न्यूयॉर्ककरांना परत पाठवू लागले. मराठी वाचकाला हे वाचताना पुण्यामुंबईच्या प्लेगची आठवण झाल्याशिवाय राहायची नाही.

गंमत अशी, की पोलिओच्या साथी वाढल्या त्या देश स्वच्छ झाल्यामुळे. हा विषाणू विष्ठेतून, हातातून, तोंडावाटे जातो. अस्वच्छ वस्तीत तो बाळाला पहिल्या काही महिन्यांतच गाठायचा, आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असतानाच, आणि बहुधा काही न होता निघून जायचा. स्वच्छ घरातल्या मुलाला तो पाच-सात वर्षांचं झाल्यावर भेटायचा, आणि मग पांगळं करण्याची शक्यता वाढायची. म्हणून टापटीप उपनगरांतली, चांगल्या घरांतली मुलंही पटापट आजारी पडत. १९२१ च्या ऑगस्टमध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांना पायांचं दुखणं जडलं ते वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, कॅम्पोबेलो बेटावर सुट्टीवर असताना.

पुढची तीस-पस्तीस वर्षं अमेरिकन आयांनी उन्हाळे कसे काढले हे इथल्या म्हाताऱ्या शेजारणींकडून ऐकावं. साथ आली की तलाव बंद, सिनेमा बंद, जत्रा बंद. मुलाने दमायचं नाही, थंड पाण्यात शिरायचं नाही, दुपारी पडून राहायचं. काही शहरांवर विमानातून डीडीटी फवारलं गेलं. १९५० च्या उन्हाळ्यात व्हर्जिनियातल्या विदव्हिल या छोट्या गावात आणि आसपास पावणेदोनशेच्या वर रुग्ण झाले. मुलं घरात कोंडली गेली, बाहेरून जाणारे मोटारवाले काचा चढवून, नाकाला रुमाल लावून गाव ओलांडत. तिथले लोक त्या वर्षाला 'मुलांवाचूनचा उन्हाळा' म्हणतात. १९५२ मध्ये देशात सुमारे अठ्ठावन्न हजार रुग्ण झाले, म्हणजे इतकी वर्षं दारं लावूनही साथ हटली नव्हतीच.

दार उघडलं ते लशीने. १९५४ मध्ये जोनास साल्क यांच्या लशीची चाचणी झाली, तीत अठरा लाखांच्या आसपास शाळकरी मुलांनी भाग घेतला. स्वतःच्या मुलाचा दंड पुढे करणाऱ्या त्या लाखो आईबापांना लस उपयोगी ठरेल याची खात्री नव्हती. १२ एप्रिल १९५५ रोजी ती गुणकारी असल्याचं जाहीर झालं आणि चर्चच्या घंटा वाजल्या. लगेचच एका कंपनीच्या लशीत जिवंत विषाणू राहून गेल्याचं उघड झालं. त्यातून दोनशेवर लोक पांगळे झाले, दहाजण दगावले. लसीकरण थांबवून तपासणीचे नियम कडक केले आणि मग पुन्हा सुरुवात झाली. साठीच्या दशकात साबिन यांचे तोंडाने द्यायचे थेंब आले. १९७९ नंतर या देशात पोलिओ मुक्कामी राहिला नाही.

आपल्याकडे तो त्यानंतरही बरीच वर्षं राहिला. माझ्या वर्गात कॅलिपर घालून येणारी एक मुलगी होती. डबा खाण्याच्या सुट्टीत ती पायरीवर बसून आमचे सागरगोटे सांभाळायची. ज्यांचं बालपण सत्तर-ऐंशीच्या आधीचं आहे त्यांना अशी एक तरी मैत्रीण आठवेल. १९९५ मध्ये देशभर पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली, परळच्या हाफकिनचे थेंब त्यात खेड्यापाड्यांत गेले. भारतातला शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. फॉर्मवरच्या लशींच्या तारखा म्हणजे एवढा सगळा खटाटोप आहे. त्या रकान्यापुढे कंटाळून सुस्कारा सोडावा असं मला तरी वाटत नाही.

पाणी कुणाचं?

आता इतिहासाचं कमी गोड पान. १९३६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात एकामागून एक अकरा भव्य तलाव उघडले. मंदीच्या काळात सरकारी खर्चाने ते बांधले होते. नदीच्या धक्क्यावरून उड्या मारणाऱ्या पोरांना क्लोरीन घातलेलं पाणी आणि जीवरक्षक मिळाले. देशभर असे तलाव झाले. पण त्यांतल्या कितीतरी तलावांत काळ्या मुलांना मज्जाव होता.

१९१९ च्या जुलैत शिकागोमध्ये यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर तराफ्यावर खेळत होता. पाण्यात न आखलेली, पण सगळ्यांना ठाऊक असलेली एक रेघ होती. तराफा वाहत गोऱ्यांच्या बाजूला गेला, किनाऱ्यावरून दगड आले आणि मुलगा बुडाला. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत अडतीस माणसं मेली. १९४९ मध्ये सेंट लुइसच्या फेअरग्राउंड तलावात काळी मुलं पहिल्यांदा उतरली त्याच दिवशी बाहेर जमावाने मारहाण केली आणि तलाव पुन्हा फक्त गोऱ्यांचा झाला. जॅक्सन, मिसिसिपी या शहराने तर काळ्यांना प्रवेश द्यावा लागेल म्हणून तलावच बंद करून टाकले, आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते चालवून घेतलं. गोरी कुटुंबं खासगी क्लबांत आणि मागच्या अंगणातल्या पूलमध्ये गेली.

ज्यांनी महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह वाचला आहे, त्यांना पाण्यावरची ही रेघ वेगळी समजावून सांगायला नको.

आणि ही रेघ पुसली तरी तिचा परिणाम जात नाही. ज्या आजीला तलावात उतरू दिलं नाही तिला पोहता आलं नाही. तिने मुलीला पाण्यापासून लांब ठेवलं. त्या मुलीने आपल्या मुलांना. आजही या देशात दहा ते चौदा वर्षांची काळी मुलं पोहण्याच्या तलावांत बुडण्याचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या सातपटींहून अधिक आहे.

हे वाचताना मला आमच्या गावची विहीर आठवते. मे महिन्यात काका, मामा पोरांच्या पाठीला वाळका भोपळा नाहीतर तेलाचा रिकामा डबा बांधायचे आणि द्यायचे विहिरीत ढकलून. चार दिवसांत पोरगा पोहायला लागे. हे सगळं मुलग्यांचं. आम्ही मुली काठावर कपडे सांभाळत बसायचो. इथे आल्यावर, वयाची चाळिशी उलटल्यावर, गावच्या तलावात आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभी राहून मी पोहायला शिकले. माझ्या बरोबरीच्या किती मराठी बायकांना आज पोहता येतं? हात वर करा म्हटलं तर फार हात वर होणार नाहीत. आणि नातवंडांना बीचवर घेऊन जाणाऱ्या आज्या आम्हीच आहोत.

एका आईची वही

गोचिडीचा रकाना कुठून आला तेही सांगते, कारण ते आपल्या अगदी शेजारचं आहे. कनेटिकटमधल्या लाइम गावात पॉली मरी नावाच्या बाईंच्या घरात सगळेच विचित्र आजारी पडत. अंगावर चट्टे, ताप, गुडघे सुजलेले. गावात आणखीही मुलांचे सांधे धरलेले त्यांना दिसले. मुलांना होणारा संधिवात असा घरोघर पसरत नसतो. त्या सगळं लिहून ठेवत गेल्या. १९७५ मध्ये त्यांनी आणि गावातल्या आणखी एका आईने आरोग्य खात्याला कळवलं. तेव्हा येल विद्यापीठाचे डॉक्टर ॲलन स्टीअर यांनी तपास हाती घेतला. १९८१-८२ मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीच्या पोटातला जंतू शोधून काढला. आज आपण ज्याला लाइम डिसीज म्हणतो तो हा.

गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. ते चावल्याचं कळत नाही, पण जंतू अंगात शिरायला साधारण एक दिवस तरी ते चिकटून राहावं लागतं. म्हणून मुलं गवतातून, झाडीतून खेळून आली की त्याच संध्याकाळी आंघोळीच्या वेळी काखा, गुडघ्यांमागची लवण, कानांमागे, केसांत बघायचं. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. काडी लावणं, तेल ओतणं असले उपाय करू नयेत. मूल बाहेर खेळायचं बंद करण्याचं काही कारण नाही.

आपल्या पिकनिकचं काय?

इतकं सगळं सांगून झाल्यावर त्या तरुण बाबाला माझं उत्तर असं. तू सकाळी बाहेर पडून दिवेलागणीला परतायचास ते खरं. पण तुझ्यावर लक्ष नव्हतं हे खरं नाही. ओट्यावर धान्य निवडत बसलेली शेजारची आजी, कोपऱ्यावरचा किराणावाला, गल्लीत सायकल दुरुस्त करणारा, या सगळ्यांना तू कुणाचा मुलगा ते ठाऊक होतं. तरीही विहिरीत, नदीत मुलं बुडतच होती. त्यांच्या आठवणी आपण पॉटलकमध्ये सांगत नाही इतकंच. इथे तो ओटा नाही, म्हणून फॉर्म आहे.

या देशात एक ते चार वर्षांच्या मुलांचा जीव जाण्याच्या कारणांत बुडणं पहिलं आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता पूल आहेत. घराच्या बाजूने मोकळं आणि उरलेल्या तीन बाजूंना कुंपण, असं न ठेवता चारही बाजूंनी कुंपण घातलं तर लहान मुलाच्या बुडण्याचा धोका ८३ टक्क्यांनी कमी होतो. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये वर्षाच्या पुढच्या मुलांना पोहण्याचे धडे द्यावेत अशी शिफारस केली, तेही ऐकण्यासारखं आहे. आणि बुडणारं मूल सिनेमात दाखवतात तसं हात हलवून ओरडत नाही. ते मुकाट्याने खाली जातं. दहा मोठी माणसं काठावर गप्पा मारत असताना हे घडतं, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मी एक सूचना ठेवली आहे आणि ती मान्य झाली आहे. यंदाच्या तळ्याकाठच्या पिकनिकला, जीवरक्षक असला तरी, दर पंधरा मिनिटांना दोन मोठी माणसं दंडाला केशरी पट्टी बांधून फक्त पाण्याकडे बघत उभी राहतील. हातात फोन नाही, भेळेची डिश नाही, पत्ते नाहीत. पाळी संपली की पट्टी पुढच्याच्या हातात द्यायची, मगच जागा सोडायची. दोघांपैकी एकाला तरी पोहता आलं पाहिजे. बॉस्टनच्या वाळूपाशी बसणाऱ्या बाईचंच हे काम आहे.

नावं नोंदवायचा कागद पुढच्या कार्यक्रमाच्या वेळी तिकिटांच्या टेबलावर ठेवला जाईल. मी दुपारी एक ते सव्वा एकची पाळी घेतली आहे. पानं वाढायची ती वेळ, आणि तेव्हाच सगळ्यांची पाठ तळ्याकडे असते.